घरपट्टीच्या वहीत पणजोबा

गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथल्या जुन्या कुटुंबांत एक प्रश्न हमखास निघतो : आपले पणजोबा मुंबईत आले तेव्हा नेमके राहायचे कुठे? वडीलधारी माणसे चाळीचे नाव सांगतात, फार तर मजला सांगतात. साल विचारले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. अशा वेळी उपयोगी पडते ते कराचे दफ्तर. घर कुणाचे, त्यात राहते कोण, भाडे किती आणि पैसे वसूल करायचे कुणाकडून, एवढे लिहिल्याशिवाय कर गोळा होत नाही. म्हणून जिथे करवसुली झाली तिथे माणसांची नावे लिहिली गेली. मुंबईत हे काम दोनशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे आणि त्या कागदांत आपल्या शहराचा केवढा तरी इतिहास दडलेला आहे. त्यातल्या या काही मजेच्या आणि तितक्याच कामाच्या गोष्टी.

जाहीर नोटीस नीट वाचा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात 'जाहीर नोटीस' असते. आपण ती ओलांडून पुढे जातो. एकदा सावकाश वाचून बघा. गिरगावातल्या मिळकतीची नोटीस साधारण अशी असते : महापालिकेचा डी वॉर्ड नंबर अमुक, स्ट्रीट नंबर तमुक, कॅडस्ट्रल सर्व्हे नंबर इतका, गिरगाव डिव्हिजन. काही नोटिशींत याच्याही मागे जाऊन कलेक्टरचा जुना नंबर, कलेक्टरचा नवा नंबर आणि लॉटन सर्व्हे नंबर दिलेला असतो.

एकाच घराला इतके नंबर, कारण दर पिढीत कुणीतरी नव्याने मोजणी केली. वॉर्ड नंबर आणि स्ट्रीट नंबर महापालिकेच्या कर खात्याचे. लॉटन नंबर १८६५ ते १८७२ या काळात कर्नल लॉटन यांनी केलेल्या मोजणीचा. कॅडस्ट्रल म्हणजे सी. एस. नंबर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या मोजणीचा, आणि तो आजही चालतो. शहरात सी. एस. नंबर आणि उपनगरांत सी. टी. एस. नंबर, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले.

या नंबरांना एवढे महत्त्व का, तर मुंबईतले रस्ते नावे बदलतात. गिरगाव बॅक रोडचा विठ्ठलभाई पटेल रोड झाला, लॅमिंग्टन रोडचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, सँडहर्स्ट रोडचा सरदार वल्लभभाई पटेल रोड, डिलाईल रोडचा ना. म. जोशी मार्ग आणि परळ रोडचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर रोड. एल्फिन्स्टन रोड स्टेशन तर आत्ता आत्ता, २०१८ साली, प्रभादेवी झाले. पणजोबांच्या पत्रावरचा पत्ता आजच्या नकाशावर सापडत नाही तो यामुळे. सी. एस. नंबर हाती लागला की रस्त्याचे नाव कितीही वेळा बदलो, जमिनीचा तुकडा सुटत नाही.

याच कुळातली आणखी एक गोष्ट म्हणजे खरेदीखतातली चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस तमक्याची वाडी, दक्षिणेस गल्ली, उत्तरेस सार्वजनिक रस्ता. लिहिणाऱ्याला फक्त हद्द सांगायची होती, पण जाता जाता त्याने शेजाऱ्यांची नावे नोंदवून ठेवली. तुमच्या घराण्याचे खत गहाळ झाले असेल तर शेजाऱ्याच्या खतात तुमचा पणजोबा 'पूर्वेस' उभा असण्याची शक्यता आहे. हे लोकांना सुचत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

कायद्याने लिहायला लावलेली वही

मुंबई महापालिकेचा मूळ कायदा १८८८ चा. तो आजही लागू आहे, दुरुस्त्या होत होत. त्याच्या १५६ व्या कलमात 'असेसमेंट बुक' म्हणजे करआकारणीची वही सांगितली आहे. दर वर्षी शहरातली प्रत्येक इमारत आणि जमीन नावाने किंवा नंबराने त्यात उतरवायची. पुढे तिचे करपात्र मूल्य, मग कर भरण्याची पहिली जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याचे नाव. एखाद्या वास्तूला सर्वसाधारण कर माफ असेल तर माफीचे कारणही लिहायचे. देऊळ, अग्यारी, चर्च, धर्मादाय संस्था या रकान्यामुळे ओळखू येतात. वह्या वॉर्डवार, म्हणून शोधणाऱ्याने आधी वॉर्ड पक्का करायचा : लालबाग-परळ एफ दक्षिण, दादर पश्चिम जी उत्तर, गिरगावाचा मोठा भाग डी आणि चिराबाजाराकडचा सी.

मालकाचे नाव कळलेच नाही तर? कायद्याने तेही ठरवून टाकले आहे. १५९ वे कलम म्हणते की अशा वेळी नुसते 'धारक' लिहिले तरी पुरे, आणखी वर्णन नको. माणूस न सापडल्यामुळे वसुली थांबता कामा नये, हा त्यामागचा हिशेब.

माझी सर्वांत आवडती तरतूद मात्र १४९ व्या कलमात आहे. मिळकत विकली की तीन महिन्यांच्या आत आणि मालक वारला की वारसाने एका वर्षाच्या आत पालिकेला कळवायचे. म्हणजे वहीत नाव बदलले, तर त्याच्या मागच्या वर्षभरात या घरात एकतर व्यवहार झाला किंवा माणूस गेला. ज्या पूर्वजाच्या मृत्यूची तारीख कुणालाच आठवत नाही, त्याचे साल इथून अंदाजाने काढता येते. जन्म-मृत्यूच्या नोंदीत हात घालण्यापूर्वी कोणते साल उघडायचे हे ठरले की शोध किती सोपा होतो, हे ज्याने एकदा जाडजूड रजिस्टरे चाळली आहेत त्याला विचारा.

बाबासाहेब एका वहीत नाहीत, दुसरीत आहेत

आता मोठी अडचण. मुंबई हे भाडेकरूंचे शहर. आणि घरपट्टीच्या वहीत नाव असते मालकाचे. घर भाड्याने दिले असेल तर कर भरायचा घरमालकाने. शिवाय १५८ वे कलम पालिकेला मुभा देते की अनेक भाडेकरू असलेली इमारत एकच मिळकत धरावी. साठ बिऱ्हाडांची चार मजली चाळ वहीत एका ओळीत आटोपते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण परळमध्ये आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पोयबावाडीतल्या बी. आय. टी. चाळ क्रमांक १ मध्ये, दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत दोन दशके राहिले. कोलंबिया आणि लंडनहून पदव्या घेऊन ते परतले ते याच खोल्यांत. महाडचा सत्याग्रह आणि गोलमेज परिषद, दोन्ही याच पत्त्यावरच्या काळातल्या घटना. पण ही चाळ प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी आलेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची. मालक ट्रस्ट, म्हणून मालकाच्या रकान्यात ट्रस्ट. पुढे १९३० च्या दशकात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, हजारो ग्रंथांसाठी जागा असलेले. तिथे ते स्वतः मालक झाले. म्हणजे त्यांच्या आयुष्यातली सर्वांत धामधुमीची वर्षे घरपट्टीच्या वहीतून दिसत नाहीत. नुसत्या मालकांच्या वहीवर इतिहास लिहिला तर कोण कोण गळेल याची कल्पना यावी.

दादासाहेब फाळके यांचेही तसेच. 'राजा हरिश्चंद्र' १९१२-१३ च्या सुमारास तयार झाला तो दादरच्या 'मथुरा भवन' बंगल्यात. जो रस्ता आज त्यांच्या नावाने ओळखला जातो तिथेच. बंगला दुसऱ्याच्या मालकीचा होता. भारतीय चित्रपटाचा जन्म जिथे झाला त्या घराच्या करनोंदीत चित्रपट बनवणारा शोधायला गेलात, तर रिकाम्या हाताने परत याल.

आणि ही स्थिती अपवादाची नव्हे. बर्नेट-हर्स्ट यांनी १९२५ साली मुंबईतल्या कामगारांच्या घरांवर पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात परळकडच्या पाहणीतली ९७ टक्के कामगार कुटुंबे एका खोलीत राहत असल्याचे नोंदले आहे. खोलीही भाड्याचीच. तेव्हा गिरणगावातला पणजोबा शोधायचा तर घरमालकाच्या ओळीखाली दडलेला कागद शोधायला हवा.

इन्स्पेक्टर जिना चढून आला होता

तो कागद आहे, आणि म्हाडाच्या कार्यालयात खेटे घालणाऱ्या प्रत्येक चाळकऱ्याला त्याचे नाव पाठ आहे : इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट.

कर बसवायचा भाड्याच्या उत्पन्नावर. म्हणजे चाळीचे एकूण भाडे किती येते हे पालिकेला कळायला हवे. त्यासाठी कर खात्याचा माणूस इमारतीत यायचा आणि मजल्यामागून मजला, खोलीमागून खोली नोंद करायचा. तळमजला, खोली १, भाडेकरूचे नाव, वापर राहण्याचा की धंद्याचा, महिना भाडे इतके. खोली २, नाव, दुकान, भाडे इतके. जिन्याखालची जागा, पानवाला, भाडे इतके. शेवटी बेरीज. वर्षाचे भाडे काढायचे, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे, उरले ते करपात्र मूल्य. वहीत एका ओळीत बसलेल्या चाळीची सगळी बिऱ्हाडे या तपासणीच्या नोंदीत उलगडतात. याच नोंदीच्या प्रमाणित उताऱ्याला इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट म्हणतात.

हा उतारा वाचायला फार मजा येते. कुठल्या मजल्यावर शिवणकाम चालायचे, कुठली खोली खानावळीने घेतली होती, कुणाच्या नावावर दोन खोल्या होत्या, कोपऱ्यावरचे दुकान आधी कशाचे होते, हे सगळे भाड्याच्या निमित्ताने कळते. एकाच चाळीचे दहा-दहा वर्षांच्या अंतराचे दोन उतारे शेजारी ठेवले तर बिऱ्हाडे आली-गेलेली दिसतात, बापाच्या जागी मुलाचे नाव लागलेले दिसते. नवरा गेल्यावर बाईचे नाव भाडेकरू म्हणून लागलेले दिसले की त्या घराने पुढे कसा संसार रेटला असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

यातल्या १९६१-६२ च्या नोंदींना तर सोन्याचा भाव आहे. मुंबईत जुन्या बांधकामांसाठी पालिकेने दोन तारखा धरल्या आहेत. राहत्या बांधकामाला १७ एप्रिल १९६४ आणि बिगर-निवासी बांधकामाला १ एप्रिल १९६२. त्यापूर्वीचे बांधकाम असल्याचे दाखवता आले तर ते चालवून घेतले जाते. दाखवायचे कशावरून? कराच्या नोंदीवरून. साठ वर्षांपूर्वी एका कर्मचाऱ्याने जिन्याखालची पानपट्टी वहीत उतरवली, आणि आज त्याच ओळीवर एका कुटुंबाची रोजीरोटी टिकते. दुरुस्तीचा उपकर लागू असलेल्या म्हणजे उपकरप्राप्त जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात १३ जून १९९६ ही तारीख अशीच महत्त्वाची. त्या दिवशी तुम्ही भाडेकरू होतात की नाही, यावर नव्या इमारतीतले घर ठरते. म्हणून या जुन्या कागदांकडे धूळ खात पडलेली रद्दी म्हणून बघणाऱ्यांशी माझे कधी जमत नाही. ज्याला घर मिळवायचे आहे त्याला विचारा त्यांची किंमत.

कर भरला तर मत

मुंबईची निवडून दिलेली महापालिका करावरच्या भांडणातून जन्माला आली. १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. रस्ते, गटारे, मंडई, सगळे त्यांनी धडाक्यात केले आणि पैसाही तसाच उधळला. १८७१ साली करदाते उखडले. धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सभा गाजल्या. तरुण फिरोजशहा मेहतांनी तिथे लोकनियुक्त प्रतिनिधींची बाजू मांडली. १८७२ च्या कायद्याने ६४ जणांची पालिका आली आणि त्यातले निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडायचे ठरले.

मतदार व्हायचे तर ठरावीक रकमेचा कर भरलेला हवा. म्हणून त्या काळातली मतदारयादी म्हणजे शहरातल्या ऐपतदारांची यादी. १८८८ च्या कायद्याने पालिका ७२ जणांची झाली, तरी मताचा धागा कराशीच बांधलेला राहिला. १९२२ साली मोठा बदल झाला. महिना १० रुपये भाडे भरणाऱ्या भाडेकरूलाही मत मिळाले. वंशावळ शोधणाऱ्यासाठी हे साल सोन्यासारखे, कारण मालक नसलेला मुंबईकर इथून मतदारयादीत दिसू लागतो. गिरगावातली कारकून, शिक्षक, वकील मंडळी या यादीत सापडण्याची शक्यता चांगली. गिरणगावातल्या असंख्य एकखणी खोल्यांचे भाडे मात्र या रेषेच्या खाली होते. तिथल्या माणसाला १९४८ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी पालिकेची निवडणूक पहिल्यांदा प्रौढ मतदानाने झाली.

१९२२ च्याच दुरुस्तीने बायकांना पालिकेचे दार उघडले. १९२३ साली आत गेलेल्या पहिल्या स्त्रियांत सरोजिनी नायडू होत्या आणि अवंतिकाबाई गोखले होत्या. हिंद महिला समाज काढणाऱ्या आणि गांधीजींचे मराठी चरित्र १९१८ साली लिहिणाऱ्या त्याच अवंतिकाबाई.

माड, कुत्रा आणि कापसाची गासडी

मुंबईत कर कशावर नव्हता, हे विचारणे सोपे. १६७० च्या दशकात गव्हर्नर जेराल्ड आँजियर यांनी इथल्या जमीनदारांशी करार केला. वर्षाला २०,००० झेराफिन (त्या काळचे नाणे) द्या आणि जमिनी निर्धास्त कसा. घरावरचा कर १७९३ च्या चार्टर कायद्यापर्यंत मागे जातो. रस्ते झाडायला आणि दुरुस्त करायला जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी घरांवर पट्टी बसवायची, असे त्यात होते. गिरगावातली खोताची वाडी ज्याच्या नावाने ओळखली जाते तो खोत म्हणजे मुळात सारा गोळा करणारा माणूस. पाठारे प्रभू खोताने जमीन दिली आणि ईस्ट इंडियन कुटुंबांनी तिथे आपली लाकडी घरे उभारली, असे वाडीचा इतिहास सांगतो.

दादर, माहीम, प्रभादेवीकडे माडांची दाट बने होती. ताडी काढायची तर झाडामागे कर आणि परवाना. भंडारी समाजाचा मुंबईतला इतिहास लिहायला घ्याल तेव्हा अबकारी खात्याचे कागद विसरू नका.

१८८८ च्या कायद्यात गाड्या आणि जनावरांवर कर आहे, कुत्र्यांवर आहे, नाट्यगृहांवर आहे. बग्गी असणारा चाकपट्टी भरायचा. मैला वाहून नेण्यासाठी 'हलालखोर कर' असायचा. ज्यांनी पिढ्यानपिढ्या हे शहर डोक्यावरून साफ केले, त्यांच्या कामाचा उल्लेख कराच्या बिलात यायचा आणि त्यांचे स्वतःचे नाव मात्र कुठल्याच रकान्यात नसायचे.

१९२० च्या दशकात बीडीडी चाळी बांधायला पैसा हवा होता, तेव्हा मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया शहर-कर बसला. गिरणीत जाणाऱ्या कापसाने गिरणी कामगाराच्या घराचे पैसे भरले म्हणायचे. त्यातून २०७ चाळी उभ्या राहिल्या : वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. खोली १६० चौरस फुटांची. या चाळींचा घरमालक सरकार, म्हणून इथल्या भाडेकरूचा माग सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नोंदीत लागतो.

भिंतीवर तीन अक्षरे

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकाशियो व्हिएगास यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या धामधुमीत पालिकेची माणसे घरांच्या भिंतींवर यू. एच. एच. अशी अक्षरे रंगवत फिरली. अर्थ : राहण्यास अयोग्य. लाखो लोक शहर सोडून गेले.

प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, दादर-माटुंग्याला नव्या वसाहती वसवायच्या, हे त्याचे काम. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी त्यातूनच झाल्या. घर पाडायचे तर आधी नुकसानभरपाई, आणि ती ठरवायची तर मालक कोण, उत्पन्न किती, हे लिहायला हवे. जी घरे सव्वाशे वर्षांपूर्वी जमीनदोस्त झाली त्यांची माहिती ती पाडणाऱ्यांच्या कागदांत शिल्लक राहते. १९३३ साली ट्रस्ट पालिकेत विलीन झाला.

एक तारीख, दोन नशिबे

१ सप्टेंबर १९४०. ही तारीख दक्षिण मुंबईतल्या चाळकऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने या दिवशीचे भाडे प्रमाण मानले आणि तिथेच रोखून धरले. कर भाड्यावर ठरायचा, म्हणून करही त्यासोबत थिजला. पुढे १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर बसला तेव्हा इमारतींचे वर्ग पाडले गेले, आणि पुन्हा हीच तारीख आली. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची इमारत 'अ' वर्ग, तिथून १९५० अखेरपर्यंतची 'ब', आणि त्यानंतर ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची 'क'. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या : 'अ' वर्गात १६,५०२, 'ब' मध्ये १,४८९ आणि 'क' मध्ये १,६५१. तुमच्या चाळीचा उपकराचा वर्ग कळला की ती कोणत्या काळातली हे चुटकीसरशी समजते.

भाडे रोखले गेल्यामुळे भाडेपावत्यांना आणखी एक गुण आला. वर्षानुवर्षे आकडा जवळपास तोच, बदलते ती तारीख, सही आणि भाडेकरूचे नाव. पावती देणे १९४७ च्या कायद्याने घरमालकावर बंधनकारक होते. मालकाचा मेहता महिन्याच्या महिन्याला चाळीत यायचा, पावती फाडून द्यायचा आणि ती घरातल्या तारेला टोचली जायची. ती तारेवरची चळत म्हणजे कुटुंबाचा पत्त्यासकट इतिहास. २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर लागतो आणि १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तो माफ आहे. त्यामुळे अलीकडच्या कागदांत भाड्याची ती जुनी गोष्ट वाचायला मिळणार नाही.

पॅरिस आणि न्यूयॉर्क

कराच्या कागदांचे मोल परदेशातही दिसते. १२९२ साली पॅरिसमध्ये राजाने कर बसवला. त्याची यादी शिल्लक आहे. हजारो करदाते, त्यांची गल्ली आणि बऱ्याच जणांचा धंदासुद्धा. त्या शहरातल्या पाववाल्यांची आणि चांभारांची नावे त्यामुळे सातशे वर्षांनंतर वाचता येतात.

न्यूयॉर्कने तर कमाल केली. १९३९ ते १९४१ या काळात कर खात्याने शहरातल्या जवळपास प्रत्येक इमारतीचा फोटो काढला. सात लाखांहून जास्त फोटो. प्रत्येकात ब्लॉक आणि प्लॉटचा नंबर लिहिलेली पाटी. हे फोटो आज कुणालाही घरबसल्या बघता येतात. लोक आजीच्या घराचा फोटो काढून घेतात, भिंतीवर लावतात. मुंबई महापालिकेने निदान १९६१-६२ च्या तपासणी नोंदी स्कॅन करून लोकांसाठी खुल्या केल्या तर गिरगाव-लालबागच्या लाखो माणसांना आपले घर सापडेल. जिवंत माणसांच्या खासगी माहितीचा प्रश्न येतो हे खरे, पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या नोंदींसाठी नियम आखता येतात. हे काम व्हायला हवे.

तिकीट नंबर

गिरणगावापुरती एक जोड. करदफ्तरात न सापडलेला माणूस गिरणीच्या कागदांत सापडतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढे या कामगारांसाठी घरांची योजना आली तेव्हा १ जानेवारी १९८२ ला कामावर असल्याचा पुरावा मागितला गेला, आणि सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. लोकांनी ट्रंका उघडल्या. तिकीट नंबर असलेला पास, पगाराची पावती, ईएसआयचे कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी. ज्या घरात हे जपले होते ते घर रांगेत उभे राहू शकले. यातल्या बऱ्याच कागदांवर खात्याचे नाव आहे. पणजोबा सूतखात्यात होते की साच्यावर, हे कळण्याची ती एकमेव जागा असू शकते.

कुठून सुरुवात करावी

आधी घरातले कागद. मग मालमत्ता कराचे एखादे बिल किंवा जुनी नोटीस मिळवून वॉर्ड आणि सी. एस. नंबर काढा. त्या नंबरावरून मालमत्तापत्रक मिळते, त्यासाठी फोर्टातल्या ओल्ड कस्टम हाऊसकडे जावे लागते. दस्त नोंदलेला असेल तर सूची क्रमांक २ शोधा. इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्टसाठी आपल्या वॉर्डातल्या करनिर्धारण व संकलन खात्याकडे अर्ज करायचा. मालकाला किंवा राहणाऱ्याला आपल्या मिळकतीची नोंद पाहण्याचा हक्क कायद्यातच आहे, त्यामुळे संकोच करू नका. एकोणिसाव्या शतकात जायचे असेल तर काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले राज्य पुराभिलेखागार आहे, १८२१ पासूनचे. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तिथे बसून गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' आणि आचार्य-शिंगणे यांचा १८८९ चा 'मुंबईचा वृत्तांत' वाचला की कागदावरच्या रस्त्यांत माणसे चालताना दिसू लागतात. जुने दस्त मोडी लिपीत असतील तर मोडी शिका. वर्ग चालतात आणि लिपी वाटते तेवढी अवघड नाही.

आणि एक विनंती. सध्या चाळींमागून चाळी रिकाम्या होत आहेत. ट्रान्झिट कॅम्पमध्ये जायच्या आदल्या रात्री घरोघरी सामानाची छाटणी चालते, आणि पहिला बळी पडतो तो जुन्या पावत्यांचा गठ्ठा. तो टाकू नका. तारेवरच्या पावत्या, जुनी रेशनकार्डे, विजेची बिले, पागडीचा कागद, सगळ्यांचे फोनवर फोटो काढा आणि फोटोखाली चाळीचे नाव, मजला, खोली नंबर लिहा. शेजारच्या म्हाताऱ्या आजींनाही विचारा, त्यांच्याकडे तुमच्या आजोबांच्या नावाची एखादी पावती असेल. चाळ पाडायच्या आधी हे करा. नंतर खोलीसुद्धा दाखवता येत नाही.